हौशी परवाना

'हौस' हा शब्द मी माझ्या हाताने लिहिला. निळ्या शाईने, मास्तरांनी वाखाणलेल्या वळणदार अक्षरात. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. पण अजूनही कुणी म्हणालं, आम्ही हौसेखातर अमुक करतो, तमुक करतो, की मला तोंडातली थुंकी गिळवत नाही.

आमचं गाव केसलबोडी. साकोलीपासून अकरा मैल. गावाच्या वरच्या अंगाला मालगुजारीच्या काळातला तलाव आणि खालच्या अंगाला आमच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं. तलावाच्या पारीला, म्हणजे बांधाला, लागून पाण्यात दगडी तुडूम उभा आहे. आतून पोकळ खांबच तो, आणि त्याच्या अंगाला एकाखाली एक तीन भोकं. भोकात डाट, म्हणजे सागाचं बूच, ठोकलेला. पाणी सोडायचं असलं की डाट काढायचा, भोकातलं पाणी तुडुमाच्या पोटातून पारीखालच्या मोरीने बांध्यांत उतरतं. बांध्या भिजल्या की डाट परत ठोकायचा. वरची दोन भोकं बांबूने हाताळता येतात. तिसरं अगदी तळाला. त्याच्यासाठी बुडी मारावी लागते, आणि उघड्या भोकाची ओढ अशी की चुकलेला हात आत जातो. माझ्या आजाचा भाऊ तिथेच गेला होता.

हे काम पाणकराचं. पाणकर आमचा गोमाजी काका. त्याच्या आधी माझा आजा पाणकर होता. माझा बाप मी तीन वर्षांचा असताना वारला, मला काकाने आणि कुंताकाकीने वाढवलं. पाणकराला पगार नाही, धानही नाही. त्याचा मान एकच, तुडुमावरच्या चपट्या दगडावर बसून गरी टाकायची. एक माणूस, एक दोरी, एक गरी. जाळं लावायचं नाही, मासा विकायचा नाही. गावात कुणी दुखण्यातून उठलं की पहिला मासा त्याच्या घरी पोचवायचा.

काकाची दोरी सणाची, त्याने स्वतः वळलेली. हातहातभर अंतरावर गाठी आणि टोकाला शिशाचा गोळा. मासा लागो न लागो, तो दोरी सोडायचा, गाठी बोटांखालून जाऊ द्यायचा, तळाच्या डाटावर शिसं टेकवून हलकेच टकटक करायचा. पाणी किती उतरलं, गाळ किती चढला, डाट फुगला की झिरपतो, सगळं त्याला त्या दोरीतून कळे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा मासे धरत बसलाय.

त्या वर्षी तलावातल्या मासोळीचा ठेका तुमसरकडच्या एका माणसाने घेतला. त्याने पारीवर खोपट घातलं आणि देवाजी नावाचा राखणदार बसवला. देवाजी आमच्याकडचाच, नदीपल्याडच्या गावचा, पण अंगावर खाकी सदरा चढला तसा त्याचा आवाज बदलला होता.

पोळ्याच्या आधीची गोष्ट. काकाच्या गरीला सकाळीच मरळ लागली होती, चांगली हातभर. ती यादोरावच्या घरी जायची होती. त्याची बायको कौशल्याबाई सत्तावीस दिवसांच्या तापातून नुकती उठून बसू लागली होती. काका गरी सोडवत होता तोच देवाजी मागे येऊन उभा राहिला.

"बाबा, परवाना दाखवा."

"कायचा परवाना?"

"गरीचा."

काका हसला. "गरीले परवाना? मंग त्या बगळ्यायलेबी मांग ना. थे तं तुज्या आधीपासून बसून राह्यले."

"मस्करी नोको. वरतून हुकूम आला हाय. हौसेनं गरी टाकाची असन तं वर्षाचे पंधरा रुपये, अर्जाचा एक, अन् दोन फोटो."

"मी पाणकर आहो, बापा. गावाले पूस."

"पाणकर-बिणकर माह्या कागदात नाई."

त्याने दांडी उचलली, दोरी गुंडाळली आणि मरळेच्या कल्ल्यात बोट घालून तीही उचलली. जप्त, म्हणाला. दुपारी त्या जप्त मालाला त्याने खोपटाबाहेर कांदा-मिरची घालून शिजवलं. वास पारीवरून खाली आमच्या बांधीपर्यंत आला. आम्ही निंदण करत होतो. काकाने मान वर केली नाही, पण त्याच्या हातात गवताऐवजी धानाचीच काडी उपटून आली.

संध्याकाळी काकी म्हणाली, "आता कौशल्याले काय सांगू? थे तं तवा धुवून बसली असन."

"सांग, मरळीले परवाना नोता," काका म्हणाला आणि जेवायला बसला नाही.

मग मी तोंड उघडलं. मी मॅट्रिक. गावाचे अर्ज-फाटे मीच लिहायचो, आणि कागद एकदा नीट भरला की माणसाचं कुणी वाकडं करू शकत नाही अशी माझी ठाम समजूत होती. "काका, सोळा रुपयाची तं गोष्ट होय. एकदा परवाना हाती आला की हा देवाज्या काय करते? काढून टाकू."

काकाने बिडी शिलगावली. मग म्हणाला, "तुले समजते तं काढ."

तिसऱ्या दिवशी आम्ही भंडाऱ्याला गेलो. काकाने उभ्या जन्मात फोटो काढला नव्हता. फोटोवाला म्हणाला, नुसत्या बंडीवर सरकारी फोटो चालत नाही. त्याने खुंटीवरचा काळा कोट काढून काकाच्या अंगावर चढवला. किती जणांचा घाम त्या कोटात मुरला होता देव जाणे. काखेत पांढऱ्या रेघा होत्या. कॉलर मेणासारखी चकाकत होती. काकाने श्वास रोखून धरला आणि फोटोत तो तसाच आला, बुडी मारायच्या आधी दिसतो तसा. तयार फोटोसाठी चार तास थांबलो. काका दुकानाबाहेर धुळीत बसून सारखा मान पुसत होता.

ऑफिसचं नाव घेत नाही. खिडकीतला बाबू समोसा खात होता. मी अर्ज पुढे केला.

"व्यवसाय?"

"धानाची शेती," मी म्हणालो.

"म्हणजे मच्छीमार नाही. सोसायटीचे सभासद?"

"नाही."

"मग हौशी."

काका खिडकीत वाकला. "हौशी मंजे काय, बाबू?"

"मौजमजेसाठी मासे धरणारा."

"मौज?" काकाने माझ्याकडे पाहिलं आणि परत त्याच्याकडे. "कार्तिकात दोन पुरुस पाण्यात जाऊन डाट काढा लागते. कानातून रगत येते. त्याच्यात मौज कायची?"

"ते मला सांगू नका. इथे दोनच गोष्टी आहेत. धंदा किंवा हौस. तुमचं काय आहे ते लिहा."

"पाणकर लिवा ना."

"तसा रकाना नाही."

मागे रांग लागली होती. बाबूने अर्ज माझ्याकडे सरकवला, मी खिशातलं पेन काढलं. मी काकाकडे बघितलंसुद्धा नाही. 'मासेमारीचा उद्देश' पुढे 'हौस' लिहिलं आणि काकाच्या अंगठ्याला शाई लावली. बाबूने समोशाची बोटं अर्जाच्या कोपऱ्याला पुसली, आतून साहेबांची सही आणली आणि वर शिक्का मारला. तोच कागद आता परवाना. मग अटी वाचून दाखवल्या. फक्त रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी. वीतभराहून लहान मासा सोडून द्यायचा. परवाना सतत अंगावर बाळगायचा. आणि तुडुमापासून पंचवीस हातांच्या आत गरीवाल्याने फिरकायचं नाही.

निघताना म्हणाला, "इकडे येणं झालं तर एखादी मरळ आणा. इथे ताजी मिळत नाही हो."

मी 'हो साहेब' म्हणालो. खरंच म्हणालो. लाज म्हणून काही असते ती त्या दिवशी मी घरी ठेवून गेलो होतो.

एसटी कारध्याच्या पुलावर आली तेव्हा काकाने खिडकीतून वैनगंगेकडे पाहिलं. परवाना त्याने युरियाच्या पोत्याच्या आतल्या प्लास्टिकच्या तुकड्यात गुंडाळून कमरेला खोचला होता.

"तुलाराम, पंचवीस हात."

"हो ना."

"मंग डाटाकडे पाहाचं कोणी?"

मी म्हणालो, "पाहू ना काका, काहीतरी जमवू."

पहिल्याच रविवारी जीप आली. ऑफिसातले मोठे साहेब आणि त्यांचे दोन मित्र. परदेशी दांडी, चरखीवर गुंडाळलेली पारदर्शक दोरी, पत्र्याचा चकचकीत खोटा मासा आणि त्याच्या शेपटाला तीन तोंडांची गरी. मासे तुडुमापाशी जमतात हे त्यांना देवाजीने सांगितलं असणार. साहेब सरळ जाऊन काकाच्या दगडावर बसले. बुटासकट. पंचवीस हातांची अट हौशी लोकांसाठी होती, साहेबांसाठी नव्हती. त्यांच्याकडे परवाना होता की नाही हे विचारायची कुणाची छाती होती?

काका पारीच्या दुसऱ्या टोकाला, म्हशी लोळतात त्या घाणीत बसला होता. नवी दांडी, बाजारातली नायलॉनची दोरी. तिला गाठी नव्हत्या. जुनी दोरी देवाजीने दिली नव्हती, जप्तीचा माल परत करायचा हुकूम नाही म्हणाला. म्हशींच्या मुताचा वास, अंगावर गोमाश्या, आणि त्या उथळ चिखलात काय लागणार? बोटभर खवल्या मासोळ्या लागल्या. काका त्या वितेने मोजायचा आणि सोडून द्यायचा.

दुपारी साहेबांनी हाक मारली. "ए हौशी! इकडे ये."

देवाजीने त्यांना सांगितलेलं दिसत होतं. मित्र हसले. काका उठून गेला. पंचवीस हातांवर थांबला.

"अरे ये, ये. आम्ही आहोत ना. परवाना दाखव बघू."

काकाने कमरेचं प्लास्टिक सोडलं. साहेबांनी फोटो पाहिला, मग उघड्या छातीच्या काकाला पाहिलं. फोटो मित्रांकडे फिरवला. "कोट कुणाचा रे? सासऱ्याचा?"

मी पारीवरच होतो. माझ्याकडे बघून एक मित्र हसला तेव्हा मीही हसलो. तोंड आपोआप तसं झालं. काकाने ते पाहिलं.

संध्याकाळी साहेबांची गरी तळाला अडकली. त्यांनी चरखी फिरवली, ओढली, शिव्या दिल्या आणि शेवटी दोरी कापून टाकली. "तीस रुपयांचा मासा गेला," म्हणाले. काका लांबून म्हणाला, "सायेब, थे डाटात अडकली असन. काढू द्या, नाईतं पुढं आमाले तरास होईन." साहेब जीपमध्ये बसत होते. देवाजी ओरडला, "म्हाताऱ्या, सरक. पंचवीस हात."

असे पाच रविवार गेले. काका दर रविवारी म्हशींच्या घाणीत बसायचा, कारण सोळा रुपये भरले होते. इतर दिवशी तो रिकाम्या हाताने जरी तुडुमाकडे गेला तरी देवाजी दगड उचलायचा. काकाचे हात बघण्यासारखे झाले होते. जेवताना, बिडी ओढताना त्याची बोटं नसलेल्या गाठी मोजत असायची. गावानेही काही कमी केलं नाही. यादोराव, ज्याच्या बायकोची मरळ देवाजीने खाल्ली, तोच चावडीवर म्हणाला, "काय हौशी, आज कोणता कोट?" लोक पोट धरून हसले.

पोळ्यानंतर पावसाने तोंड फिरवलं. आश्विन लागला, धान निसवायला आलं आणि बांध्यांना भेगा पडायला लागल्या. वरच्या दोन भोकांचं पाणी संपलं होतं. आता तळाचा डाट काढला आणि एक पाणी मिळालं तर धान भरणार, नाहीतर नुसती तणस, रिकामा पेंढा, हाती येणार. आता हौशी पाणकराची सगळ्यांना आठवण झाली. सगळे पारीवर जमले. देवाजीही खोपटाशीच थांबला, कारण लोक तीसेक होते आणि तो एकटा.

काकाने नायलॉनची दोरी सोडून बघितली. गाठी नाहीत, शिसं हलकं. त्याने मान हलवली. "खालचं काई समजत नाई बापा. दीड महिना झाला, मी त्याले पाह्यलं नाई."

"उतर ना बे," यादोराव म्हणाला. "तिकडे धान करपून राह्यलं."

काकाने कानात तेलाचा बोळा घातला, छाती भरून घेतली आणि गेला. पाणी मिटलं. मी मनात आकडे मोजत होतो. काका नेहमी साठाच्या आत वर येतो. साठ झाले. सत्तर झाले. पाण्यावर बुडबुडे आले आणि मग पारीखालून ओरडा झाला, "आलं! पाणी आलं!" मोरीतून लालसर पाणी उसळलं. लोक तिकडे पळाले. शंभरावर काका वर आला. तोंड उघडं, डोळे पांढरे. मी आणि सुखराम कोतवालाने त्याला दगडावर ओढलं.

त्याच्या उजव्या तळहातात साहेबांचा पत्र्याचा मासा लटकत होता. तीनपैकी दोन टोकं आत, एक टोक अंगठ्याच्या मुळातून आरपार बाहेर. डाटाला गुंडाळलेली चिंधी आणि ती तुटकी पारदर्शक दोरी गुंतून बसली होती, त्यात हात अडकला होता. काकाने स्वतःचं मांस फाडून हात सोडवला तेव्हा तो वर येऊ शकला. बांध्यांकडे गेलेले लोक परत आले नाहीत. जो तो आपल्या बांधीच्या धुऱ्यावर पाणी वळवत होता.

घरी काकीने विळ्याचं पातं चुलीत लाल करून, मांस कापून टोकं बाहेर काढली. मी काकाचा हात धरला होता. तो दाराकडे बघत राहिला. जखमेत हळद भरली. साकोलीला नेऊन सुई टोचून आणली. तरी तिसऱ्या दिवशी पंजा भाकरीएवढा फुगला आणि हिरवट पू यायला लागला. घरभर वास सुटला. काकी चिंधी बदलायची आणि बाहेर जाऊन ओकायची, परत यायची, परत बदलायची.

त्याच दिवशी देवाजी दारात आला. आम्हाला वाटलं, विचारपूस करायला आला.

"थो मासा कुठं हाय? सायबाचा? त्यायनं याद करून सांगतलं हाय. महाग होता म्हणे."

काकीने कोनाड्यातला पत्र्याचा मासा काढला. त्याच्या गरीला काकाच्या हाताचा वाळलेला, काळा तुकडा चिकटून होता. तिने तो देवाजीच्या पायाशी टाकला.

"घे. धुवून दे तुज्या सायबाले."

देवाजीने वाकून उचलला. त्याने तो खरोखरच आमच्या दारातल्या रांजणाच्या पाण्याने धुतला आणि खिशात घातला. मी तिथेच उभा होतो.

तळाचा डाट तीन दिवसांत परत ठोकायचा असतो. काका तापात पडला होता. सुखराम आणि यादोरावच्या भावाने बुड्या मारून पाहिल्या, पण भोकाची ओढ लागताच दोघंही घाबरून वर आले. बांध्या भरल्या, भरून वाहिल्या, पाणी नाल्याला लागलं. तलाव उतरत गेला. सहाव्या दिवशी तुडुमापाशी तेवढं दीड पुरुष पाणी आणि बाकी सगळीकडे चिखल. चिखलात ठेकेदाराची रोहू-कतल्याची पोरं आडवी होऊन तोंडं उघडझाप करत होती. मेलेल्यांची पोटं फुगून फुटली होती. कावळे, कुत्री, माश्या. वारा गावाकडे असला की लोक धोतराच्या सोग्याने नाक धरून जेवायचे. जनावरं पाण्याच्या आशेने चिखलात शिरायची आणि पोटापर्यंत रुतायची. उन्हाळाभर गावाला हेच पाणी पुरवायचं होतं.

सातव्या दिवशी ठेकेदार आला, साहेबांना जीपमध्ये घालून. दोघांच्या नाकाला रुमाल. देवाजीने काकाला बोलावणं धाडलं. आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी धरून पारीवर नेलं. काकी मागोमाग.

"बाबा, तेवढा डाट बसव," साहेब रुमालाआडून म्हणाले.

काकी पुढे झाली. "याच्या हातातून पू वाहून राह्यला. दिसत नाई काय तुमाले?"

"डाव्या हाताने होईल की."

काकाने तलावाकडे पाहिलं. सुखरामची गाभण म्हैस चिखलात रुतली होती आणि चौघं तिला दोराने ओढत होते. मग म्हणाला, "होईन. दोन गोष्टी पायजेत. माजी दोरी द्या. अन् परवान्यावर हौस लिवलं हाय, थे खोडून पाणकर लिवा."

देवाजी खोपटाकडे गेला. खोपटासमोर दोन खुंट्यांना ती दोरी बांधलेली होती, वर त्याच्या चड्ड्या आणि बनियन वाळत होते. कपडे झटकून त्याने दोरी आणून दिली. काकाने ती नाकाशी नेली आणि चेहरा वळवला. चिखलाने घासून घासून धुतली.

"अन् कागद?"

साहेब वैतागले. "शब्द असा बदलता येत नाही. नवा अर्ज करावा लागेल. दोन फोटो, सोळा रुपये. आधी डाट बसव, मग बघू."

माझ्या खिशाला पेन होतं. तेच, निळ्या शाईचं. अक्षर माझं होतं, खोडायलाही मीच हवा होतो. एक रेघ मारायची आणि चार अक्षरं लिहायची. हात खिशापर्यंत गेला. सरकारी कागदावर खाडाखोड, साहेबांसमोर. हात परत खाली आला. काका माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. एखाद्या वस्तूचा उपयोग होणार नाही हे कळल्यावर माणूस बघतो, तसं.

तो खाली बसला. डाटाला काळी माती थापली, वर चिंधी गुंडाळायला घेतली आणि थांबला. डाव्या हाताने कमरेचं प्लास्टिक काढलं. परवाना आतच होता, घडीच्या घडी. त्याने तो प्लास्टिकसकट डाटाच्या टोकाभोवती ताणून लपेटला, वर चिंधीचे चार वेढे दिले, दाताने गाठ मारली. हे मी पाहिलं आणि काकीने पाहिलं. साहेब बुटाला लागलेला चिखल काडीने काढत होते.

काकाने दोरी सोडली. गाठी बोटांखालून गेल्या. शिसं टेकलं तसा त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा जीव आला. डाट काखेत धरून, दोरीच्या अंगाने तो सरळ खाली गेला. दुखरा हात त्याने पाण्याबाहेर धरला होता, तो सगळ्यात शेवटी बुडाला. मी चाळीसपर्यंत मोजले असतील. मोरीवरून यादोराव ओरडला, "बंद झालं! पुरं बंद झालं!"

काका वर आला तेव्हा हाताची चिंधी सुटली होती आणि पाण्यावर पिवळा तवंग आला होता. साहेबांनी 'शाब्बास' म्हणून रुमाल परत नाकाला लावला. ठेकेदाराने मेलेल्यांतले जरा बरे दोन रोहू उचलून काकाच्या पायाशी टाकले. "ले जा बाबा, तेरे लिये." ते रोहू तिथेच राहिले. घरी येईस्तोवर काकी रडत होती आणि मला शिव्या देत होती. नाव माझं घेत नव्हती, पण शिव्या मलाच होत्या.

हात बरा झाला, पण अंगठा आणि त्याच्या बाजूचं बोट कायमचं आखडलं. वर्षाचं धान झालं. नवा अर्ज केला नाही, काकाने मला तो विषयच काढू दिला नाही.

कार्तिकातल्या एका बुधवारी सकाळी काका उठला, दांडी घेतली, गाठींची दोरी घेतली आणि तुडुमावरच्या दगडावर जाऊन बसला. मी बैल सोडून मागोमाग गेलो. देवाजी खोपटातून धावत आला.

"आज रविवार हाय काय? अन् पंचवीस हात? परवाना कुठं हाय?"

"खाली हाय," काका म्हणाला.

"कुठं खाली?"

काकाने आखडलेल्या हाताने पाण्याकडे दाखवलं. "तिसऱ्या भोकात. डाटाले गुंडाळला हाय. फोटो हाय, शिक्का हाय, तुज्या सायबाची सही हाय. काढून पाहून घे."

देवाजीने पाण्याकडे पाहिलं. डाट निघाला की उरलेलं पाणी जाणार, उरलेले मासे जाणार, आणि काढायला उतरणार कोण? मग तो सदऱ्याची बटणं चाचपत खोपटाकडे गेला.

काकाने डबीतून गांडूळ काढलं. डाव्या हाताने गरीला लावायला लागला, ते घसरून पडलं. परत उचललं, परत पडलं. मी पुढे होऊन हात केला. "आणा काका, मी लावून देतो."

त्याने गरी माझ्या हातात दिली नाही.